पिंपावरच्या रेघा

ओबर्ले यांच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात एक बाकडं होतं, दोन भिंतींना लागून काटकोनात वळलेलं, आणि त्याच्यापुढे टेबल. एकदा आत सरकून बसलं की बाहेर पडायला बाकी सगळ्यांना उठवावं लागे. त्यामुळे त्या घरात जेवण कधी लवकर संपलं नाही. खिडकीतला रेडिओ दिवसभर चालू असायचा आणि कुठल्या महामार्गावर किती गाड्या तुंबल्या आहेत ते दर थोड्या वेळाने सांगायचा. ओबर्ले पतिपत्नी आठवड्यातून एकदा चर्चला आणि एकदा बागेत, एवढीच गाडी बाहेर काढत. पण माझे अप्पा कराडला ज्या एकाग्रतेने आकाशवाणीच्या बातम्या ऐकत, त्याच एकाग्रतेने ती दोघं त्या तुंबलेल्या गाड्यांची हकिगत ऐकत आणि हळहळत.

मी तेव्हा पंचविशीचा होतो. चाकणच्या कारखान्यातली नोकरी सोडून जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात शिकायला आलो होतो. शहरात खोली मिळेना, म्हणून ट्रामने अर्ध्या तासावरच्या एका गावात, वरच्या मजल्यावर उतरत्या छपराखाली राहायला गेलो. ती खोली त्यांच्या मुलीची, उलरिकेची. ती लग्न न करता कोलोनला राहायची, तिथे एका वाहिनीत संकलनाचं काम करायची. खोली बघायला गेलो तेव्हा फ्राऊ ओबर्लेंनी, म्हणजे लिंडेने, मला एकच प्रश्न विचारला, की तू खातोस काय? मी मांस खात नाही म्हटल्यावर तिने नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, मग हा बटाटे सोलायला बरा. आठवड्याभरात तिने मला अरेतुरे करायला सांगितलं. तिला मी ते केलं. तिच्या नवऱ्याला, आल्बर्टला, मात्र शेवटपर्यंत हेर ओबर्ले, म्हणजे श्रीयुत ओबर्ले, असं अहोजाहोच म्हणत राहिलो; माझ्या जिभेला ते जमलंच नाही. तेही मला शेवटपर्यंत ‘प्राझाट’च म्हणत राहिले. प्रसाद त्यांच्या जिभेला जमलं नाही.

लिंडे शरद ऋतूत कांद्याचा एक मोठा चौकोनी केक भाजायची. त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असत. माझ्यासाठी ती एका कडेची पट्टी बिनमांसाची ठेवायची आणि हद्द कळावी म्हणून तिथे दात कोरायच्या काड्या ओळीने खोचायची. आईने पाठवलेलं मेतकूट मी एकदा त्यांना पावावर लोणी लावून त्यावर भुरभुरून दिलं, तर हेर ओबर्लेंनी त्याचा असा ध्यास घेतला की दोन महिन्यांचं मेतकूट दहा दिवसांत संपलं. तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं, की आमच्याकडे घरातली वस्तू संपली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मीठ वाढलं, तांदूळ वाढले. नाही हा शब्द घरात उच्चारायचा नाही. हेर ओबर्ले आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस, प्रत्येक गोष्ट मापून बघणारा. त्यांनी यावर बराच विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी मिठाची बरणी हातात धरून ते लिंडेला म्हणाले, “झाल्त्स इस्ट गेवाक्सन.” मीठ वाढलं. लिंडेला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पुढे त्या घरात सगळंच वाढायला लागलं. लोणी वाढायचं, साबण वाढायचा, एकदा गाडीतलं पेट्रोल भर रस्त्यात वाढलं.

त्यांची बाग म्हणजे गावाबाहेरचा एक गवताळ उतार होता, त्यावर इकडेतिकडे उभी असलेली वीसेक जुनी सफरचंदाची झाडं. बाजारातल्यासारखी फळं नव्हती ती. लहान, खडबडीत, डागाळलेली. मी पहिल्याच दिवशी एक चावलं, तर कच्च्या जांभळासारखी जीभ आखडली. लिंडे गवतात उभी राहून पोट धरून हसली. ही खायची नाहीत, प्यायची आहेत, म्हणाली. झाडं हलवायची, खाली पडलेली फळं वाकून वेचायची, गोणपाटाच्या पोत्यांत भरायची, आणि गावातल्या घाण्यावर न्यायची. तिथे आपापल्या पोत्यांवर बसून लोक रांगेत गप्पा मारत असत. रस काकवीच्या रंगाचा निघायचा, त्यावर फेस, आणि त्या फेसावर गांधीलमाश्या. तो रस घरी आणून तळघरातल्या लाकडी पिंपात ओतायचा आणि बाकीचं काम पिंपाने करायचं. जे तयार होई त्याला तिकडे ‘मोश्ट’ म्हणतात. आंबट, कोरडी, सफरचंदाची घरगुती दारू.

दारू हा शब्द मी आत्ता लिहिला. आईला फोनवर मी तो सांगितला नव्हता. तिला मी सांगितलं होतं, की ही मंडळी सफरचंदाचं सरबत करून ठेवतात. आमच्या घरात अप्पांच्या धाकाने आल्याचं लोणचं जास्त आंबलं तरी बाहेर जायचं. आई म्हणाली, “सरबत वर्षभर टिकतं होय रे? आमच्यासाठी विचारून घे कृती.” मी हो म्हटलं. आज मागे वळून बघताना वाटतं, त्या पिंपाबद्दलचं माझं पहिलं खोटं तेच. मग पुढची सोपी गेली.

दुसऱ्या वर्षीची वेचणी लिंडेने उपड्या बादलीवर बसून केली. म्हणजे ती बसून बोट दाखवायची आणि आम्ही दोघं वेचायचो. तिच्या पोटात काय वाढत होतं ते तिला माहीत होतं, हेर ओबर्लेंना माहीत होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. पण ती दर थोड्या वेळाने डोळे मिटून बादलीच्या कडा घट्ट धरायची ते मी बघत होतो. घाण्यावर मात्र ती आलीच. पिंप रिकामं असताना त्यात गंधकाची पट्टी जाळून धूर भरायचा असतो, म्हणजे आतलं लाकूड खराब होत नाही. ती पट्टी तिने स्वतः तारेला टांगून पेटवली. तळघरात फुलबाज्यांसारखा वास पसरला. ती माझी दुसरी दिवाळी होती घराबाहेरची.

रस पिंपात गेल्यावर आठवड्याभरात तो बोलायला लागला. बोलायला हा लिंडेचाच शब्द. वरच्या बुचात पाणी भरलेली एक वाकडी काचेची नळी खोचलेली असते; आतला वायू तिच्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. बुडुक, थांबून, बुडुक. स्वयंपाकघराच्या फरशीखालून तो आवाज वर यायचा. तिला खाली उतरवेना, तेव्हा ती बाकड्यावर आडवी होऊन ते ऐकत पडायची. आज जोरात आहे, आज रुसलाय, असं आम्हाला सांगायची. एकदा मी बटाटे सोलत होतो आणि हेर ओबर्ले चाकूला धार लावत होते, तेव्हा ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, की हा मोश्ट मी जाऊन वर्ष झाल्यावर काढायचा. त्याआधी नाही. आणि एकट्याने नाही, उलरिकेला बोलवायचं, टेबलाशी बसून प्यायचा. हेर ओबर्ले धार लावतच राहिले. मग म्हणाले, “गुट.” बरं. मला तेव्हा पाहुण्यासारखं उठून जावंसं वाटलं. पण बाकड्याच्या आतल्या बाजूला बसलो होतो, उठता येईना.

नाताळाच्या आधी ती गेली.

नंतरच्या हिवाळ्यात त्या घरात दोन पुरुष आणि एक रेडिओ उरला. हेर ओबर्ले फार बोलत नसत. दर शनिवारी सकाळी न्याहारी झाली की ते तळघरात जात आणि मी दिवा धरायला जाई. लाकडातून मोश्ट थोडा थोडा उडून जातो, पिंपात वर पोकळी राहते, आणि पोकळीत हवा शिरली की सगळं बिघडतं. म्हणून कोपऱ्यात काचेच्या एका मोठ्या बुधल्यात त्याच रसाचा मोश्ट वेगळा भरून ठेवलेला असे. त्यातून भांडंभर घेऊन, बूच काढून, पिंप काठोकाठ भरायचं. भरून झालं की पिंपाच्या तोंडावर खडूने एक रेघ ओढायची. पहिल्या रेघा लिंडेच्या होत्या, तिरप्या, बारीक. त्याच्या पुढे हेर ओबर्लेंच्या सुरू झाल्या, सुताराच्या गुण्याने मारल्यासारख्या उभ्या. एकही शनिवार चुकला नाही. तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा कोट चढवून खाली गेले. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. एकही शनिवार चुकला नाही.

जुलैत ते चेरीच्या झाडावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, मग रेहा, म्हणजे पुन्हा चालायला शिकवतात त्या ठिकाणी काही महिने. ॲम्ब्युलन्समध्ये चढवण्याआधी त्यांनी माझं मनगट धरलं होतं. दर शनिवारी, बुधल्यातून, काठोकाठ, मग रेघ. मी म्हटलं, “या, गेनाऊ.” म्हणजे हो, अगदी. पहिले तीन शनिवार मी ते नीट केलं. रेघाही त्यांच्यासारख्या उभ्या काढायचा प्रयत्न केला.

मग मकरंदला श्टुटगार्टला नोकरी लागली. मकरंद माझ्याच वर्गातला, पुण्याचा, जीभ चुरचुरीत. मी गावात म्हाताऱ्यांबरोबर राहतो, पार्टीला येत नाही, आलो तर ज्यूस पितो, यावरून तो मला दोन वर्षं पिडत होता. क्लाउजुर, म्हणजे आमची परीक्षा, नुकतीच संपली होती. घर रिकामं होतं. मीच सगळ्यांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा यजमान होत होतो, आणि खरं सांगायचं तर त्या घराचा मालक असल्यासारखं मला वाटत होतं. मिसळ केली होती, फरसाण फ्रांकफुर्टहून कुणीतरी आणलं होतं. सगळे मागच्या अंगणात बसले. मी सफरचंदाचा रस ठेवला.

मकरंदने पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. “पश्या, तू तर इथला सरपंच झालायस. घर तुझं, अंगण तुझं, तळघर तुझं. आणि पाव्हण्यांना ज्यूस पाजतोस?”

मी म्हटलं, तळघरातलं माझं नाही.

“अरे, मग चव तरी दाखव. का म्हाताऱ्याने कुलूप घालून किल्ली जानव्याला बांधलीय?”

सगळे हसले. मीही हसलो. कुलूप नव्हतंच. मी खाली गेलो आणि बुधल्यातून एक जग भरून आणला. मनात म्हटलं, बुधल्यातला थोडा कमी झाला तर काय होतंय. तिखट मिसळीवर तो थंड आंबट मोश्ट इतका छान लागला की पेले भराभर रिकामे झाले. हे कसं करतात रे, म्हणून विचारायला लागले. मग मी सांगायला लागलो. गंधकाची पट्टी, वाकडी नळी, बोलणारं पिंप. सांगताना मी ‘आम्ही’ म्हणत होतो, आणि तिसऱ्या जगानंतर ‘मी’ म्हणायला लागलो होतो. लिंडेचं नाव मी त्या दुपारी एकदाही घेतलं नाही. बुधला तळाला गेला, तेव्हा मकरंद माझ्याबरोबर खाली आला. त्याने पिंपाच्या तोटीवर टिचकी मारली आणि म्हणाला, आणि हा मोठा भाऊ? त्याने ती तोटी फिरवली नाही. ती मी फिरवली. दोनदा जग भरला, की तीनदा, ते मला आठवत नाही, किंवा मी आठवू देत नाही.

पुढच्या शनिवारी मी रिकाम्या बुधल्यापुढे उभा राहिलो. शेजारच्या फ्राऊ हेस यांच्या तळघरातही मोश्ट होता. बादली घेऊन गेलो असतो तर प्रश्न न विचारता त्यांनी भरून दिली असती. पण त्या दर आठवड्याला हेर ओबर्लेंना फोन करत. त्यांनी सहज सांगितलं असतं. मग मी काय केलं? आमच्याकडे अचानक पाहुणे वाढले की आई आमटीत पाणी वाढवते. मी पाणी उकळलं, गार केलं, आणि पिंपात ओतलं. काठोकाठ भरलं. रेघ ओढली. त्याच्या पुढच्या शनिवारी मी खाली गेलो नाही. त्याच्याही पुढच्या नाही. पिंपाकडे बघितलं नाही की ते बिघडतही नाही, असं काहीसं मनाने ठरवून टाकलं होतं. स्वयंपाकघरात चिलटं दिसायला लागली तेव्हा महिना उलटून गेला होता. खाली जाऊन बूच काढलं. वरती पांढरी, सुरकुतलेली साय आली होती आणि डोळ्यांत पाणी आणणारा आंबूस वास. मी बूच परत लावलं, आणि राहिलेल्या शनिवारांच्या रेघा एकदम ओढून टाकल्या.

दर गुरुवारी मी त्यांना भेटायला जायचो. रेहातल्या बागेत ते चालण्याच्या चौकटीवर हात टेकून एक एक पाऊल टाकायचे. नर्सला सांगायचे, लिंडेच्या वर्षाला मला घरी बाकड्यावर बसायचंय, तेवढं चालता येऊ दे. आणि मला विचारायचे, भरलेलं आहे? मी म्हणायचो, भरलेलं आहे. तिसऱ्या-चौथ्या वेळेस तर त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी उत्तर देत होतो. लेथवरचा माणूस तो. चाकाचा आवाज जरासा बदलला तरी कान टवकारणारा. त्यांना माझ्या आवाजात काय ऐकू आलं असेल, हा विचार मी अजून करतो.

घरी यायला दोन आठवडे उरले असताना त्यांना न्यूमोनिया झाला आणि पुन्हा इस्पितळात हलवलं. मी गेलो तेव्हा नाकात नळी होती आणि ते फार छोटे दिसत होते. दुपारची वेळ होती, उलरिके येणार होती पण तिची गाडी उशिरा होती. रेडिओ नव्हता, म्हणून मीच त्यांना उगाच कुठे कुठे गाड्या तुंबल्यात ते सांगितलं. ते हसल्यासारखं करत होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि फार हळू विचारलं.

“प्राझाट. इस्ट एर गेवाक्सन?”

वाढलाय का तो?

मला तत्क्षणी कळलं ते काय विचारत होते. त्यांना ठाऊक होतं, किंवा संशय होता. आणि मला ‘संपला’, ‘बिघडला’ हे शब्द तोंडातून काढावे लागू नयेत म्हणून त्यांनी माझ्याच घरातला शब्द माझ्यापुढे धरला होता. मी नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं. एक अक्षर. त्यावर ते कदाचित म्हणाले असते, फ्राऊ हेसकडून बादली आण. म्हणाले असते, लिंडेला सांगू नकोस. मी मात्र तो शब्द न समजल्याचं सोंग केलं. नाही नाही, म्हटलं, भरलेला आहे, अगदी काठोकाठ.

ते म्हणाले, “मग बरं.” आणि खिडकी जरा उघडायला सांगितली.

पाच दिवसांनी ते गेले. लिंडेच्या वर्षाला तेव्हा तीन आठवडे बाकी होते.

दफन आटोपल्यावर मंडळी घरी जेवायला आली. उलरिके काळ्या पोशाखात स्वयंपाकघरात उभी होती, आईचा कांद्याचा केक तिने आदल्या दिवशी स्वतः भाजला होता, आणि त्यातही माझ्यासाठी एक बिनमांसाची पट्टी ठेवली होती. ती सगळ्यांना म्हणाली, आईने वर्षाची अट घातली होती, वर्ष भरलं नाही, पण आता दोघंही नाहीत तर आज काढू या. मग मला म्हणाली, प्रसाद, तुला तळघर माहीत आहे, तू आण. तिला माझं नाव नीट घेता यायचं.

मी खाली गेलो. जग तोटीखाली धरला. पायऱ्यांवर पाय अडखळून तो पडू द्यावा, असंही मनात आलं. पण मी तो वर नेला आणि तिच्या हातात दिला, कारण कुणीतरी मला पकडावं असं त्या क्षणी मला खरोखर वाटत होतं. तिने पेल्यात ओतला, दोन्ही हातांनी धरला आणि घोट घेतला. तिचा चेहरा आंबटाने आखडला आणि तसाच राहिला. व्हिनेगर झालंय, ती म्हणाली. फ्राऊ हेसनी वास घेतला आणि मान हलवली. पडायच्या आधीपासूनच पिंप भरत नसणार तो, त्या म्हणाल्या. बिचारा आल्बर्ट, लिंडेशिवाय त्याला कुठलं सुचतंय. टेबलाभोवती सगळ्यांनी माना डोलावल्या. लिंडेशिवाय. हो ना.

उलरिकेने माझ्याकडे बघितलं. “तू तर इथेच होतास. ते विसरायला लागले होते का?”

मी म्हणालो, “मान्शमाल.”

कधीकधी. एकच शब्द, मऊ, सभ्य. मला वाटलं होतं, खोटं बोलायला पुष्कळ बोलावं लागतं.

मंडळी गेल्यावर ती म्हणाली, मला पिंप बघायचंय, भांडी आवरते आणि येते. तेव्हा मला रेघांची आठवण झाली. मी तिच्या आधी खाली गेलो, ओलं फडकं घेऊन. हेर ओबर्लेंच्या उभ्या रेघा पुसल्या, त्यांच्या शेजारच्या माझ्या पुसल्या, आणि घाईत डावीकडच्या तिरप्या, बारीक रेघाही पुसल्या गेल्या. लाकूड ओलं, काळं, कोरं झालं. उलरिके खाली आली. तिने पिंपाच्या तोंडावरून हात फिरवला. आई रेघा ओढायची, म्हणाली, बघ, पपांनी एकही ओढलेली नाही. आणि ती तिथे पायरीवर बसली आणि रडायला लागली. मी दर रविवारी फोन करायचे, ती म्हणाली. ते म्हणायचे, सगळं ठीक. मी मानायचे. ते इतके हरवत चालले होते आणि मला कळलंसुद्धा नाही. मी यायला हवं होतं. मी तिच्या शेजारी उभा होतो, ओलं फडकं पाठीमागे धरून. तिने डोळे पुसून माझा हात दाबला आणि म्हणाली, तू होतास म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ते पिंप बादल्या बादल्यांनी बागेत नेऊन झाडांच्या मुळाशी ओतलं. पुढे तिने घर विकलं. मला नोकरी म्युनिकच्या बाजूला लागली. लग्न झालं, मुलगी झाली, आता आम्ही गार्चिंगला राहतो. चाळिशी उलटली. उलरिकेने माझं बोट कधी सोडलं नाही. तिला भावंड नाही, आईवडिलांना शेवटच्या वर्षात जवळून बघितलेला मीच एक. ती दर रविवारी फोन करते. तो तिचा जुना वार आहे. माझी मुलगी तिला मावशी म्हणते, त्यापुढचं सगळं जर्मनमध्ये.

या मे महिन्यात ती आमच्याकडे दोन दिवस राहून गेली. जेवताना तिने सहज सांगितलं, की ती गेली तीन वर्षं एका स्मृतीच्या डॉक्टरकडे तपासणीला जाते. अजून काही निघालेलं नाही. पण वडिलांचं तसं झालं ना, म्हणाली, आमच्या रक्तातच असणार. किल्ली सापडली नाही तरी वहीत तारीख लिहून ठेवते. एक मित्र तिला लग्नाचं विचारत होता. त्याला तिने नाही म्हटलं, उद्या मला सांभाळत बसायची वेळ त्याच्यावर नको. माझी बायको, सानिका, तिला म्हणाली, अहो, असं काय, वय झालं की सगळेच विसरतात. उलरिके हसून म्हणाली, आमच्या पपांचं पिंपापासून सुरू झालं होतं. मी तिच्या ताटात आणखी भात वाढला.

सानिकाला मी हे सगळं त्या रात्री सांगितलं. ती म्हणाली, मला काय सांगतोस. म्हणून मी हे लिहायला बसलो, आणि लिहितानाही मराठीत लिहितो आहे, जे उलरिकेला वाचता येत नाही. हे माझ्या लक्षात आलेलं नाही असं नाही. तिला जे सांगायचं आहे ते जर्मनमध्ये पाच शब्दांत मावतं: तुझे वडील काहीही विसरले नव्हते. मी ते एका कागदावर लिहून फोनजवळ ठेवलं आहे. चार रविवार झाले. फोन वाजतो, ती विचारते, काय चाललंय, आणि मी म्हणतो, सगळं ठीक.